ऑफची जागा

"नवऱ्याला मरणाच्या दारातून ओढून आणलंत हो," असं बार्शीतल्या बायका मला म्हणतात, तेव्हा हातातलं भांडं फेकून मारावंसं वाटतं. फेकत नाही. "देवाची कृपा," म्हणते आणि पुढे सरकते. देवाचा यात काडीचा संबंध नाही. जे केलं ते मी केलं, आणि पूर्ण शुद्धीत केलं.

पहिल्यापासून सांगते. लोक अर्ध्यावरच न्यायनिवाडा करून मोकळे होतात.

मी मृणाल गादेकर. ताशीला नावाच्या वेधशाळेत बावीस वर्षं दुर्बिणीची ऑपरेटर होते. लडाखच्या पूर्वेला, चांगथांगच्या पठारावर, साडेसोळा हजार फुटांवर आमची पन्नास मीटरची थाळी. ही दुर्बीण डोळ्याने बघायची नव्हे. रेडिओसारख्या लहरी ऐकते, म्हणून तिला दिवस काय आणि रात्र काय, सारखंच. शास्त्रज्ञ यायचे-जायचे, थाळी फिरवायचे मी. माझा नवरा निनाद देवस्थळीही शास्त्रज्ञच, पण तो आला तो राहिलाच. आमचं लग्न झालं, भांडणं झाली, मूल झालं नाही, परत भांडणं झाली. भांडायला आम्हाला विषय लागत नसे. भाजीत मीठ कमी पडलं तरी तासभर पुरायचं.

तारा कसा जन्मतो हे निनाद कुणालाही सांगत बसायचा, डिझेलचा टँकर घेऊन येणाऱ्यालासुद्धा. आकाशगंगेत जे काळे डाग दिसतात तिथे तारे नसतात असं नाही, तिथे पडदा असतो. वायूचा आणि धुळीचा मेघ, उणे दोनशे साठ अंशांवर गारठलेला. त्यात बहुतेक सगळा हायड्रोजन, पण एवढ्या थंडीत तो मुका. बोलतात ते त्यात चिमूटभर मिसळलेले दुसरे रेणू, ठरलेल्या वारंवारतेवर, आणि तेच आमची थाळी ऐकते. हे मेघ पिंजलेल्या कापसासारखे सगळीकडे सारखे नसतात. त्यात धागे असतात, लांबच लांब, आणि धाग्यांवर गाठी. गाठ आपल्याच वजनाने आत बसू बघते, आतला दाब आणि चुंबकीय क्षेत्र तिला लाखो वर्षं तोलून धरतात. मग कधीतरी तोल जातो. मधोमध तापमान दोन हजार अंशांवर गेलं की हायड्रोजनचे रेणू तुटायला लागतात, तुटताना उष्णता गिळतात, आणि आतला आधारच निघून जातो. तिथून पुढे वर्षभरात गाभा बसतो आणि तारा तयार होतो.

"लाखो वर्षांच्या गोष्टीत शेवटचं एक वर्ष," निनाद म्हणायचा. "माणसाच्या आयुष्यात मावेल असं एवढंच आहे बघ."

ते एक वर्ष त्याला सापडलं होतं. वृषभ राशीतल्या मेघात एक गाठ होती, आमच्या यादीत चौदावी, म्हणून तिला चौदा म्हणायचो. वायू आत कोसळत असला की रेणूंच्या रेषेच्या मधोमध खड्डा पडतो आणि दोन्ही बाजूंना उंचवटे राहतात, त्यातला एक जास्त उंच. चौदाच्या रेषेत तस्साच खड्डा होता, आणि वर्षागणिक खोल होत चालला होता. बावीस वर्षांच्या नोंदी एका ओळीत लावून निनादने तारीख काढली. सतरा ऑक्टोबर, दोन दिवस इकडे किंवा तिकडे. घटना घडली साडेचारशे वर्षांपूर्वी, तिची बातमी आपल्यापर्यंत पोचणार सतरा ऑक्टोबरला. माणसाने ताऱ्याचा जन्म तारखेसकट आधी सांगितल्याचं कधी कुणी ऐकलं नव्हतं. सगळ्या जगातून फोन यायचे.

गाभ्याच्या आतलं ऐकू शकेल असा रिसीव्हर मात्र एकच होता, निनादने स्वतःच्या हाताने बनवलेला. पोरासारखा हट्टी. दर तीन तासांनी त्याच्या चार तारांचा ताण हाताने सारखा करावा लागे, आणि ते निनादशिवाय कुणाला जमत नव्हतं. मी शिकून पाहिलं, दोनदा बिघडवला. त्याच्यासारखा दुसरा रिसीव्हर बेंगळुरूहून यायला डिसेंबर उजाडणार होता.

आणि सप्टेंबरात निनाद पडला.

खालच्या गावातल्या दवाखान्यातून डॉक्टर आंगमो वर आल्या. त्यांनी त्याची छाती तपासली, यंत्रावर हृदय बघितलं आणि मला बाहेर बोलावलं.

"फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या उंचीने आवळल्यात," त्या म्हणाल्या. "हृदयाची उजवी बाजू दमलीय. ऑक्सिजन लावून ठेवा, तरी दहा दिवस. फार तर."

"आणि खाली नेलं तर?"

"खूप खाली नेलं तर म्हातारा होईल. पण आत्ता. आठ दिवसांनी खाली नेऊन उपयोग नाही."

त्या दिवशी तारीख होती सव्वीस सप्टेंबर. सतरा ऑक्टोबरला एकवीस दिवस होते.

मी आत गेले आणि त्याला जसंच्या तसं सांगितलं. आमच्यात लपवाछपवी नव्हती. नाकात नळ्या, ओठ जांभळे, आणि हा माणूस मांडीवर कीबोर्ड घेऊन बसलेला.

"डॉक्टर नेहमी कमीच सांगतात," तो म्हणाला.

"निनाद, गाडी उद्या बोलावते."

"बोलाव. तू जा. मी सतराला जिवंत असलो तर असलो."

"आणि नसलास तर?"

"तर मला कळणार नाही. तू का जीव खालीवर करतेस?"

मी ताटली आपटली. म्हटलं, तुझा जीव तुझ्या एकट्याच्या मालकीचा नाही. तो म्हणाला, बावीस वर्षं ज्याची वाट बघितली ते तोंडाशी आलेलं टाकून मी पळून जाऊ? जन्मभर कुठल्या तोंडाने जगू? मी म्हटलं, जन्म तर उरू दे आधी. तासभर भांडलो. शेवटी त्याला धाप लागली म्हणून मी गप्प बसले. हे हत्यार त्याच्याकडे नवीन होतं आणि ते तो बिनदिक्कत वापरत होता. मला त्याला बांधून न्यावंसं वाटत होतं. रात्री दोघं नीट झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रिसीव्हर लावून दिला आणि तो पडून राहिला. मी कामाला लागले. हात रिकामे ठेवले असते तर वेड लागलं असतं. नवीन रिसीव्हर बसवला की जुन्या ऑफ-जागा परत तपासायच्या असतात; निनादचा बसवून महिना झाला तरी ते काम राहिलं होतं. तेच काढलं.

ऑफ म्हणजे काय ते सांगायला हवं. मेघातून येणारा आवाज इतका बारीक असतो की आपल्या हवेचा आणि यंत्राचा आवाज त्याच्या हजारपट. मग काय करतात, थाळी आधी मेघावर धरतात, मग शेजारच्या रिकाम्या आकाशावर. पहिल्यातून दुसरं वजा केलं की हवा गेली, यंत्र गेलं, उरला तो मेघ. त्या रिकाम्या आकाशाला आम्ही ऑफ म्हणतो. ते खरोखर रिकामं असावं लागतं. नसेल, तर तिथे जे काही असेल तेही वजा होतं आणि मेघाच्या रेषेत नसलेला खड्डा पडतो.

चौदाची ऑफ-जागा मी निवडलेली होती, नोकरीच्या पहिल्या महिन्यात. नियम असा की जागा रिकामी आहे की नाही हे चाळीस मिनिटं ऐकून ठरवायचं. त्या दिवशी ढग येत होते, आणि हेडफोनवर नवीनच आलेले कुणी डॉक्टर देवस्थळी दर मिनिटाला विचारत होते, "झालं का?" मी चार मिनिटं ऐकलं. काही दिसलं नाही. शितावरून भाताची परीक्षा. यादीत लिहिलं 'स्वच्छ' आणि सही केली. घाई त्याची होती, सही माझी. पुढे बावीस वर्षं जो आला त्याने ती यादी उघडली, 'स्वच्छ' वाचलं आणि पुढे गेला. आमच्या धंद्यात यादीवर शंका घेत नाहीत. ऑपरेटरच्या सहीवर तर नाहीच.

यावेळी मी पुरती चाळीस मिनिटं ऐकलं, आणि वजाबाकी न करता, वारंवारता इकडेतिकडे हलवून. त्या पद्धतीत ऑफ लागतच नाही. दहाव्या मिनिटाला पडद्यावर रेषा उगवली. बारीक, टोकदार. बरोब्बर त्या वारंवारतेवर, जिथे चौदाच्या रेषेत खड्डा होता.

मेघाचा धागा आमच्या नकाशात संपला होता, आकाशात संपला नव्हता. पुढे ऑफच्या जागेपर्यंत गेला होता. मग चौदाकडे परत थाळी वळवली आणि त्याच पद्धतीने ऐकलं. खड्डा नाही. साधा, गुळगुळीत डोंगर. चौदा कुठेही कोसळत नव्हती. अजून दोन लाख वर्षं कोसळणार नव्हती.

पहिल्यांदा पाचावर धारण बसली. आणि लगेच, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. निनादला इथे धरून ठेवणारं आता काही उरलं नव्हतं.

मी दोन्ही आलेख छापून घेतले आणि त्याच्या पलंगावर ठेवले. त्याने चष्मा लावला. दोन मिनिटं बघितलं असेल.

"ऑफ घाण आहे," तो म्हणाला.

"हो."

"कुणी तपासला होता?"

"मी. चार मिनिटं."

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कागदांची नीट घडी केली आणि उशीखाली ठेवली.

"अख्ख्या जगाला सांगून बसलोय गं मी," तो म्हणाला. मग चष्मा काढून ठेवत, "गाडी कधी येईल?"

"उद्या सकाळी."

"बरं." भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याची पाठ हलत होती, ती धापेने की रडण्याने, मला विचारायचा धीर झाला नाही.

दुपारी मी यंत्रं बंद करायला बसले. बंद करण्यापूर्वी जुन्या नोंदींची प्रत काढायची, तो रिवाज. आमच्याकडे वजाबाकीचा निकाल ठेवतात तसे मूळ आवाजही ठेवतात, मेघाचा वेगळा, ऑफचा वेगळा. ऑफचे आवाज कुणी कधी उघडत नाही. कशाला उघडेल? भाजी निवडल्यावर देठं कुणी परत बघतं का?

मी उघडले. का, ते सांगता येत नाही. एक गोष्ट डोक्यात खुपत होती. ऑफ नुसता घाण असता, तर खड्डा बावीस वर्षं तेवढाच राहिला असता. तो खोल का होत गेला?

बावीस फाइली एकाखाली एक लावल्या. पहिल्या वर्षी ऑफच्या रेषेचा मागमूसही नव्हता. आठव्या वर्षी नखाएवढी. पंधराव्या वर्षी स्पष्ट. विसाव्या वर्षी, वर्षभराचे तास एकत्र केल्यावर, तिच्या मधोमध चाळीस मिनिटांत न दिसणारा बारीक खड्डा, दोन बाजूंना उंचवटे, एक जास्त उंच.

कोसळत होतं ते हे. चौदा नाही, ऑफ. निनादचं गणित अक्षर न अक्षर बरोबर होतं, तारीखसुद्धा बरोबर होती. फक्त जागा अर्धा अंश चुकली होती. सतरा ऑक्टोबरला तारा जन्मणार होता, आम्ही बावीस वर्षं जिला रिकामी म्हणत होतो त्या जागेत.

पलीकडच्या खोलीत तो पडलेला, मधे एक भिंत. उठून तिथे जायचं आणि सांगायचं, एवढंच. तो आनंदाने उठून बसला असता. "गाडी परत पाठव," म्हणाला असता. आणि सहा-सात ऑक्टोबरला मी त्याला चादरीत गुंडाळला असता. न सांगावं, तर तो जगणार होता, आपण मूर्ख ठरलो असं समजून. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी तिथे खुर्चीत बसून ढसाढसा रडले. तो हाक मारेल म्हणून तोंडात शाल कोंबली.

मग फाइली एका डिस्कवर घेतल्या, डिस्क पर्समध्ये टाकली आणि यंत्रं बंद केली.

गाडी सकाळी निघाली. पहिली खिंड उतरेपर्यंत निनाद खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "मृणाल, खड्डा वाढत का गेला?"

मला माहीत होतं तो विचारणार. त्याचं डोकं होतंच तसं. रात्रभर उत्तर शोधून ठेवलं होतं.

"बाष्प," मी म्हटलं. "दर वर्षी पठारावर बाष्प वाढतंय. त्याची दुरुस्ती मी लावते ना. ती कमी पडत गेली. चूक साचत गेली."

हवेची दुरुस्ती हा पूर्ण माझा प्रांत. त्यात तो कधी नाक खुपसत नसे. त्याने माझ्याकडे बघितलं. दुर्बिणीबाबत मी त्याला आयुष्यात खोटं सांगितलं नव्हतं, एवढी भांडणं झाली तरी.

"बाष्प," तो म्हणाला. "बरोबर. असंच असणार." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला.

आम्ही माझ्या माहेरगावी, बार्शीला आलो. उंची जेमतेम सतराशे फूट. पंधरा दिवसांत त्याचे ओठ गुलाबी झाले. त्याने चार ओळींचं पत्र लिहून निष्कर्ष मागे घेतला: संदर्भाच्या जागेत विरळ वायू होता, तिथे दखल घेण्यासारखं काही नाही. लोकांनी हसून घेतलं. एका चॅनेलवर तर 'न झालेलं बारसं' म्हणून कार्यक्रम झाला. मी टीव्ही काढून भावाकडे देऊन टाकला.

सतरा ऑक्टोबरला मंगळवार होता. मी सकाळपासून घड्याळाकडे बघत होते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच. तिकडे ऑफच्या जागी गाभा बसत होता, साडेचारशे वर्षं चालत आलेली बातमी पठारावर पोचत होती, आणि थाळी बंद उभी होती. निनाद अंगणात मटार सोलत होता.

"मृणाल," त्याने हाक मारली. "एक सांगायचं राहिलं. तू तो ऑफ तपासलास म्हणून. नाहीतर मी तिथे फुकट मेलो असतो."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मरून जावंसं वाटलं.

दोन वर्षं अशी गेली. तो कॉलेजात पोरांना भौतिकशास्त्र शिकवू लागला. आकाशाकडे बघणं त्याने सोडलं. दुर्बिणींच्या बातम्या आल्या की पान उलटायचा. मी मनात एकच हिशोब घोकायचे: दहा दिवस आणि एकवीस दिवस. पोचलाच नसता. सांगितलं असतं तरी बघू शकला नसता. या हिशोबावर मी झोपत होते.

गेल्या फाल्गुनात त्याला चिलीहून एक पत्र आलं. तिथल्या अवरक्त दुर्बिणीला वृषभ राशीत एक नवा ठिपका दिसला होता, धुळीच्या आत, अगदी कोवळा तारा. वय दोन वर्षांच्या आसपास. त्या भागाच्या जुन्या नोंदी तुमच्याकडे आहेत का, असं नम्रपणे विचारलं होतं. खाली जागेचे आकडे दिले होते.

निनादने ते आकडे वाचले. मी समोरच कपड्यांच्या घड्या घालत होते. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही तुझी ऑफची जागा," तो म्हणाला.

मी हातातला टॉवेल खाली ठेवला.

"बाष्प नव्हतं."

"नव्हतं."

"तुला कधी कळलं?"

"निघायच्या आदल्या दिवशी. दुपारी." मग मी भडाभडा बोलत सुटले. "तुझ्याकडे दहा दिवस होते निनाद, आणि तो एकवीस दिवसांवर होता. तू पोचलाच नसतास. कुठल्याच हिशोबाने पोचला नसतास. मला तू जिवंत हवा होतास."

त्याने मान हलवली. हिशोब त्याला माझ्या आधी झाला होता.

"त्यातले दहा माझे होते," तो म्हणाला. "गाभा बसताना रोज ऐकू आला असता. दहा दिवस."

"आणि मग?"

"मग काय. मग तू होतीस की ऐकायला."

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. रिसीव्हर मला जमत नाही, मी दोनदा बिघडवला, हे सगळं ओठांवर आलं. पण दहा दिवसांत त्याने मला शिकवलं असतं. भांडत भांडत शिकवलं असतंच.

"फाइली आहेत?" त्याने विचारलं. मी पर्समधून डिस्क काढून दिली. दोन वर्षं ती तिथेच होती. त्याने ती पाठवून दिली, पत्रात नाव माझं घातलं, स्वतःचं घातलंच नाही. मी विचारलं का, तर म्हणाला, "मी तिथे नव्हतो."

त्या दिवसापासून तो माझ्याशी फार नीट वागतो. चहा दिला की थँक्यू म्हणतो. गोळ्या वेळेवर घेतो, डॉक्टर म्हणतात तब्येत उत्तम आहे. आवाज चढवत नाही. मी काही बोलले की, "तू म्हणशील तसं."

काल मी वांग्याच्या भाजीत मुद्दाम मूठभर मीठ घातलं. तोंडात घालवेना इतकी खारट केली आणि समोर बसून राहिले. त्याने दोन भाकऱ्यांशी सगळी संपवली, वर तांब्याभर पाणी प्यायला, आणि ताट उचलून मोरीत ठेवलं.